घाव एक, सल्ले शंभर

लोहारकाम शिकायला लागल्यापासून मला आगीची भीती वाटेनाशी झाली आहे. ठिणगी उडते, मनगटावर बसते, हात बादलीत बुडवला की विषय संपला. अंगावर काटा येतो तो मागून येणाऱ्या प्रेमळ आवाजाने. "असं नाही गं. आण इकडे तो हातोडा."

मी ओहायोत, कोलंबसच्या जवळ राहते. आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांचे आकडे जुळवते आणि महिन्यातल्या एका शनिवारी इथल्या लोहारांच्या गिल्डमध्ये जाते. गिल्ड म्हटल्यावर दगडी किल्ला, मशाली वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. जत्रेच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आहे. आत भट्ट्या, ऐरणी, कोळशाची पिंपं आणि कॉफीचं एक मशीन. त्या मशीनमधली कॉफी आणि लोखंड विझवायच्या बादलीतलं पाणी यांत मला अजून फरक सापडलेला नाही.

सभासद म्हणजे एक निवृत्त वेल्डिंग मास्तर, एक दातांचे डॉक्टर, काही शेतकरी आणि एक नालबंद. घोड्यांना नाल ठोकून खरोखर पोट भरणारा हा एकटाच, म्हणून त्याचा शब्द जड. शिवाय टीव्हीवर चाकू बनवायच्या स्पर्धा बघून आलेली दाढीवाली पोरं. त्या पोरांना आल्या दिवशी तलवार हवी असते. गिल्ड त्यांना भिंतीवर टोपी अडकवायचा आकडा करायला बसवते. निम्मी पोरं पुढच्या महिन्यात दिसत नाहीत. मी मनातल्या मनात सगळ्या ज्येष्ठांना काका म्हणते, त्याशिवाय त्यांचा राग गिळणं शक्य नाही.

मोटारी आल्या, कारखाने आले आणि अमेरिकेतला गावोगावचा लोहार संपत आला. १९७३ साली जॉर्जियातल्या लंपकिन गावी मूठभर लोहार जमले आणि त्यांनी 'अबाना' ही संघटना काढली. आता तिच्याशी जोडलेले गट देशभर आहेत. विद्या टिकली हे उत्तमच झालं. पण ती हौशी लोकांच्या हाती टिकली, आणि हौशी माणसाला घाई नसते. आमच्या वाईकडच्या गावातल्या लोहाराला पावसाळ्याच्या तोंडावर मान वर करायला फुरसत नसायची. खुरपी, विळे, नांगराचे फाळ यांचा ढीग पडलेला. गिऱ्हाइकालाच भाता ओढायला लावायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. त्याला कोणी "जरा डावीकडून मार" म्हटलं असतं, तर त्याने तापलेली सांडस नुसती वर करून दाखवली असती. इथे सगळे डावीकडून, उजवीकडून आणि वरून सांगतात.

उदाहरण म्हणून पान घ्या. किल्लीच्या जुडग्याला लावायचं लोखंडी पान, नवशिक्यांचा पहिला धडा. सळीचं टोक आधी निमुळतं करायचं. त्यात एक नियम आहे आणि तो भारी आहे. गोल सळी गोल ठेवूनच बारीक करायला गेलात तर आतून फाटते, टोकाला माशासारखं तोंड उघडतं. म्हणून आधी चौकोनी करायची, मग चारी कोपरे मोडून अष्टकोनी, आणि सगळ्यात शेवटी गोल. मग ऐरणीच्या कडेवर ठेवून मान पाडायची, देठ लांबवायचा, पुढचा भाग चपटा केला की पान झालं. सांगायला सोपं आहे. पण बोटाहून बारीक सळी भट्टीबाहेर काढली की नारिंगीची लाल आणि लालची काळी होईपर्यंत हाताशी काही सेकंद असतात. जे ठोकायचं ते तेवढ्यात.

मी सळी काढली, ऐरणीवर धरली, हातोडा उचलला. वेल्डिंग मास्तर म्हणाले, "कोपर अंगाजवळ ठेव." नालबंद म्हणाला, "काही जवळ नको, खांदा मोकळा सोड." मास्तर म्हणाले, तुमचं ते घोड्याच्या नालेचं तंत्र. नालबंद म्हणाला, तुमचं ते शाळेचं. माझा हातोडा अजून हवेत, सळी काळी पडलेली. परत भट्टीत. आता वाद कोळशावर आला. वेस्ट व्हर्जिनियाकडचा पोकाहोंटस कोळसाच खरा, असं मास्तरांचं मत. त्याचा कोक, म्हणजे धूर निघून गेल्यावर उरणारा कडक निखारा, चांगला बनतो, राख कमी, भट्टीच्या तळाशी क्लिंकर म्हणजे काचेसारखी मळी फारशी साचत नाही. नालबंद गॅसवाला, त्याच्या मते कोळसा म्हणजे नुसता धूर आणि बायकोची बोलणी. दातांचे डॉक्टर दोघांनाही समजावायला आले. हे चालू असताना भट्टीतून पांढऱ्या ठिणग्या फुटायला लागल्या. लोखंड जळतं हो! खरोखर जळतं. टोक गेलं होतं, उरलेलं भोपळ्याच्या बुरशी लागलेल्या देठासारखं दिसत होतं. तिघेही एकदम माझ्याकडे वळले. "आगीवरची नजर कधी काढायची नाही," तिघेही एकासुरात म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

शेवटी पान झालं. मान मास्तरांनी पाडली, देठ नालबंदाने ओढला, शिरा डॉक्टरांनी कोरल्या. मला म्हणाले, "पहिल्या मानाने छान जमलंय तुला."

आईला फोटो पाठवला. "एवढी शिकलीस ती भाता मारायला?" एवढंच उत्तर आलं.

ऐरणीचं प्रकरण निराळंच. कोणाकडे नवी म्हणजे जुनी ऐरण आली की सगळे गुडघ्यावर बसून तिच्या कुशीवरचे छाप वाचतात. 'ट्रेंटन' निघाली की छाती फुगते, कारण ती इथलीच, कोलंबसच्या कारखान्यातली. 'पीटर राइट' ही इंग्लंडची निघाली तर वजनाचं गणित सुरू. तिच्यावर १-२-१० असे आकडे असतात. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ चा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड. पुढाऱ्याच्या आवेशात हे सांगणारा माणूस दर बैठकीला वेगळा असतो आणि श्रोती मात्र मीच. मी आता उत्तर आधीच सांगत नाही, त्यांचा विरस होतो.

आणि मग 'आयर्न इन द हॅट'. ही गिल्डची सोडत. प्रत्येकाने घरून काहीतरी आणून टेबलावर ठेवायचं, तिकिटं घ्यायची, टोपीतून चिठ्ठी निघेल त्याने वस्तू न्यायची. पैसे कोळशाला जातात. टेबलावर असतं काय, तर रेल्वेचे खिळे, ट्रकच्या पाटा स्प्रिंग, दांडा नसलेले हातोडे, अर्धी पिशवी कोळसा आणि कोणाच्या तरी बायकोने केलेला पीचचा जॅम. मला जॅम कधी लागत नाही. मला लागतो तो पायवाला वाईस, म्हणजे काम दोन जबड्यांत घट्ट धरायचा शिकंजा, आणि तोही एकाच जबड्याचा. तो मी पुढच्या महिन्यात गुपचूप टेबलावर परत ठेवते. हा वाईस गिल्डमध्ये माझ्याही आधीपासून फिरतोय असं डॉक्टर सांगतात. त्यांच्या गॅरेजमध्ये तो दोन हिवाळे काढून गेलाय.

आईचा विरोध मावळला तो वेगळ्याच वळणाने. एके दिवशी फोनवर म्हणाली, "एवढं ठोकतेस तर मला विळी करून आण. हल्लीच्या विळ्यांना धार म्हणून नाही." मी बैठकीत विळीचा फोटो दाखवला. चूक म्हणावी तर फोटो दाखवणं चूक नाही, पण त्यानंतर अर्धा तास कोणी हातोडा उचलला नाही. हत्यार जागेवर आणि भाजी हलते, हे मास्तरांना पटेचना. टोकाला ती दातेरी गोल चकती कशाला? नारळ खवायला. नारळ कुठे धरायचा? दोन्ही हातांत. पाय कुठे? पाटावर. नालबंद म्हणाला, "आधी बसून बघायला पाहिजे," आणि शेडच्या सिमेंटवर मांडी घालून बसला. त्याला परत उभं करायला चौघे लागले.

पण कामाला लागले ते सगळेच. ट्रकची पाटा स्प्रिंग निवडली, कारण तिच्यात कार्बन बेताचा असतो, धार धरते आणि मोडत नाही. पातं घडलं, वळण पडलं. पाणी द्यायच्या, म्हणजे पातं तापवून कडक करायच्या दिवशी सगळे भोवती. पात्याला लोहचुंबक लावून बघायचा. लालभडक झालेलं पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला विचारेनासं होतं, तिथून किंचित वर न्यायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. भस्सकन धूर झाला. मग ते काचेसारखं ठिसूळ झालेलं पातं माझ्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजलं, गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत. घरभर तळणाचा वास, आणि ताटात काही नाही.

डॉक्टरांनी खवणीचे दाते कानशीने असे काढले की बघत राहावं. व्यवसायच तो. पाट एका शेतकऱ्याने अक्रोडाचा दिला. विळी तयार झाली त्या शनिवारी ती सगळ्यांना बघता यावी म्हणून मी टेबलावर ठेवली आणि कॉफी आणायला गेले.

परत आले तर सोडत सुरू झाली होती. गिल्डचा नियम कडक आहे, टेबलावर ठेवलं ते टोपीत गेलं. मीही मूठभर तिकिटं घेतली. विळी त्या पाट देणाऱ्या शेतकऱ्याला लागली. मला वाईस लागला.

शेतकऱ्याचा परवा फोन आला. विळी झकास चालते, पण त्याच्या बायकोला कांदा चिरताना नक्की कसं बसायचं ते कळत नाही. मी आईला व्हिडिओ कॉलवर जोडून दिलं. आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तिने स्वतःची बोथट विळी जमिनीवर मांडली, पाटावर पाय दाबला आणि पलीकडे ओहायोतल्या त्या बाईला दरडावून म्हणाली, "असं नाही गं. आधी पदर खोच."