दगडीपाला, मेथॅनॉल आणि १८ मिमी

तुमच्या लेखात म्हटलंय की जेलीच्या बशीत जंतू वाढवले, तेव्हा दगडीपाल्याच्या मेथॅनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) अर्काभोवती जंतू न वाढलेलं १८ मिमीचं वर्तुळ पडलं, म्हणजे पाला 'अँटिबायोटिकच्या तोडीचा'. जरा थांबा. आमच्या खानापूर भागात भातकापणीत विळा लागला की आजी हाच पाला चोळून रस पिळायची, त्यामुळे माया मलाही आहे. पण ती मेथॅनॉल थोडीच वापरायची!

बेळगावात बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र होतं, तेव्हा आम्हीही हाच प्रयोग केला. अडुळशाच्या अर्काभोवती छान वर्तुळ आलं, सगळे खूश. सरांनी विचारलं, नुसतं द्रावक (अर्क काढायला वापरलेला द्रव) घातलेलं जेलीतलं भोक कुठाय? आम्ही ते केलंच नव्हतं. पुन्हा केलं तर नुसत्या द्रावकाभोवतीही जवळपास तेवढंच वर्तुळ!

शिवाय वर्तुळ मोठं म्हणजे औषध जबर, असं नसतं. अर्क अगारमध्ये, म्हणजे बशीतल्या त्या जेलीत, किती पसरतो त्यावरही ते ठरतं. खरी तुलना एमआयसीची, म्हणजे जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेची. तिथे कच्चे अर्क बहुधा मिलिग्रॅममध्ये जातात, अँटिबायोटिक मायक्रोग्रॅममध्ये. आणि स्टॅफिलोकॉकस या जंतूवर चाललेला अर्क ई. कोलाय या जंतूवर चालेलच असं नाही, ई. कोलायला बाहेरचं जादा आवरण असतं. तुमचा जंतू कुठला होता, तेवढं लिहा की.