पेठांमधली सायकलफेरी: आठ माणसं, सहा थांबे आणि पाण्याचा उतार

पुण्यात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला जुनं शहर दाखवायचं तर सायकलसारखं वाहन नाही. चालत गेलं की दोन पेठांत पाय दुखायला लागतात, आणि गाडीतून गेलं की फक्त गर्दी दिसते. गेल्या काही वर्षांत अशा फेऱ्या वाढल्या, ही आनंदाची गोष्ट. पण बऱ्याच फेऱ्यांच्या जाहिरातीत 'दोन तासांत पंधरा ठिकाणं' असं लिहिलेलं दिसतं. पंधरा ठिकाणं पाहून घरी गेलेल्या पाहुण्याला शनिवारवाडा कसब्यापासून कुठल्या बाजूला, हेही सांगता येत नाही. माझं म्हणणं असं की फेरी आठ पाहुण्यांची असावी, थांबे सहाच असावेत, अंतर नऊ-दहा किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि सगळी फेरी पाण्याच्या वाटेने न्यावी. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे, पर्वतीच्या बाजूने मुठेकडे.

पाण्याची वाट कशासाठी? १८व्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भुयारी नळाने शहरात आणलं. पंप नाही, काही नाही, सगळा कारभार उताराच्या जोरावर. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले आणि पेठांमध्ये हौद भरले. आज फडके हौद म्हटलं की लोकांना चौक आठवतो, पण एकेकाळी त्या भागाची तहान अशा हौदांवर भागत होती. हा उतार इतका हलका आहे की मोटारीत बसलेल्याला तो कळतच नाही. सायकलवाल्याला मात्र कळतो, कारण पेडल मारायचं थांबवलं तरी सायकल पुढे जात राहते. सारसबागेपासून निघालं की ज्या दिशेने पाणी जायचं त्याच दिशेने आपण जातो, आणि हे पाहुण्याला अंगानेच समजतं. त्यासाठी भाषण लागत नाही.

आता आठच का, ते सांगतो. एक सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब. पुढच्याने ब्रेक मारला तर सावरायला तीनेक मीटर मोकळे हवेत. म्हणजे माणशी पाच मीटर. आठ पाहुणे, पुढे एक वाटाड्या आणि मागे एक सोबती, अशी पन्नास मीटरची रांग होते. ताशी दहा किलोमीटर वेगाने ती चौक ओलांडायला वीसेक सेकंद घेते. पंधरा पाहुणे घेतले की रांग पंच्याऐंशी मीटरची होते, चौकात तीस सेकंदांहून जास्त लागतात, सिग्नल मध्येच लाल होतो आणि रांग तुटते. मग मागे राहिलेला नवखा माणूस घाबरून सिग्नल तोडतो. गोची तिथेच होते. शिवाय आठ माणसं वाटाड्याभोवती हातभर अंतरावर उभी राहू शकतात, त्यामुळे साध्या आवाजात बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. रविवारी सकाळी सात वाजता कुणाच्या खिडकीखाली कमरेचा स्पीकर लावून इतिहास सांगणं मला अजिबात मान्य नाही. त्या आळ्यांत माणसं राहतात.

मागचा माणूस हा फेरीचा निम्मा जीव असतो, आणि पैसे वाचवायला पहिली कात्री त्याच्यावरच चालते. त्याने शेवटच्या पाहुण्याच्या मागेच राहायचं, कधीही पुढे जायचं नाही. पंक्चर, चेन, चक्कर हे सगळं त्याने बघायचं. वळणावर वाटाड्याने दुसऱ्या क्रमांकाच्या पाहुण्याला कोपऱ्यावर उभं करायचं, त्याने बाकीच्यांना वळण दाखवायचं आणि मागचा सोबती आला की त्याच्यापुढे रांगेत शिरायचं. पेठांमध्ये दर पन्नास पावलांवर बोळ फुटतो. ही पद्धत नसेल तर एक तरी माणूस चुकतोच.

वेळ. उन्हाळ्यात सव्वासहा, थंडीत सात, कारण डिसेंबर-जानेवारीत सातच्या आसपास उजाडतं. काहीही झालं तरी साडेनवाला सायकली परत जागेवर हव्यात. शक्यतो रविवार. संकष्टीला आणि अंगारकीला फेरी ठेवूच नये, दगडूशेठच्या आसपास पायही ठेवायला जागा नसते.

सायकलींबद्दल थोडं सविस्तर, कारण बिघडतं ते इथेच. पातळ टायरची रेसिंग सायकल पेठांमध्ये नको. गटाराच्या जाळ्यांच्या फटी काही ठिकाणी रस्त्याच्या दिशेनेच असतात आणि २५ मिलिमीटरचं टायर त्यात सरळ अडकतं. ३५ ते ४० मिलिमीटरचं टायर हवं. मधला दांडा खाली असलेली फ्रेम उत्तम, कुर्ता-साडीवाल्यांनाही चढता-उतरता येतं. हवा ५० पीएसआयच्या आसपास ठेवावी. 'मऊ बसतं' म्हणून लोक ३० वर चालवतात आणि पेव्हर ब्लॉकच्या कडेवर किंवा खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती हे ओळखा. रस्त्यात पॅच लावण्यात वेळ घालवू नये, सरळ ट्यूब बदलावी. सरावाच्या हाताला सात-आठ मिनिटं लागतात. मागच्या सोबत्याकडे दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप, एलन कीचा संच, चेनची जोडकडी, चिकटपट्टी, जुना फडका आणि ओआरएसची पाकिटं असावीत. मागच्या चाकाला नट असतील तर १५ नंबरचा पाना हवाच. तो विसरला की बाकीची सगळी पिशवी निरुपयोगी.

सीट पाहुण्याच्या मापाची करून द्यायला माणशी एक मिनिट पुरतं. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, ही नेहमीची उंची. पण जो दहा वर्षांनी सायकलवर बसतोय त्याची सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या, थांबल्यावर चवडे जमिनीला टेकले की त्याचा धीर टिकतो. ओढणी मागे गाठ मारून बांधायला लावा, सैल पायघोळ पँटला उजव्या पायाशी पट्टी लावा. ओढणी मागच्या चाकात गेली तर गळ्याशी येते, इथे संकोच करू नका.

परदेशी पाहुणे असतील तर ब्रेकचं आधी सांगा. आपल्याकडच्या सायकलींना बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिका आणि युरोपच्या बऱ्याच देशांत तो डाव्या हाताला असतो. तिथला माणूस घाईत उजवा ब्रेक दाबतो, त्याला वाटतं मागचं चाक थांबेल, थांबतं पुढचं, आणि तो हँडलवरून पुढे फेकला जातो. नुसतं सांगून भागत नाही. निघण्याआधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं काढा. प्रत्येकाने आधी नुसता डावा ब्रेक दाबून थांबायचं, मग दोन्ही मिळून. मग एक हात सोडून इशारा, मग खांद्यावरून मागे बघणं. ज्याला मागे बघताना सायकल सरळ ठेवता येत नाही त्याला वाटाड्याच्या लगेच मागे ठेवा. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय असलेला माणूस चौकात चुकीच्या बाजूला आधी बघतो, म्हणून उजवं वळण नेहमी उतरून, सायकल हातात धरून.

सारसबागेकडून निघून शिवाजी रस्ता गाठायचा. हा रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जातो आणि बाजीराव रस्ता उलट दिशेने येतो, त्यामुळे जाणं-येणं एकेरी वाहतुकीत आपोआप बसतं. पण शिवाजी रस्त्यावर कमीत कमी राहा आणि लवकर उजवीकडे गंज पेठेत उतरा, जिला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. पहिला थांबा फुलेवाडा. कात्रजचं पाणी शहरात आलं, हौद भरले, पण त्यावर सगळ्यांचा हात चालत नव्हता. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाण्याची गोष्ट इथे सांगितली नाही तर ती अर्धीच राहते. बहुतेक फेऱ्या हा वाडा 'वाटेत येत नाही' म्हणून गाळतात. मंडईपासून तो सायकलवर पाच मिनिटांवर आहे.

दुसरा थांबा मंडई. १८८६ची इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याला फुटलेल्या लांब पाखा. सायकली आत नेऊ नयेत. बाहेर एका ओळीत लावा, एकाच लांब साखळीने सगळ्या गुंफा, दहा सायकलींना पाच-सहा मीटर जागा पुरते. भाजीवाल्यांची आवराआवर चालू असते, त्यामुळे इथे पंधरा मिनिटं आणि फोटो विचारूनच. ओल्या पानांवर चाक घसरतं, म्हणून बाहेर पडतानाही पहिली वीस-तीस पावलं चालतच. तुळशीबागेचा बोळही चालतच, दुकानं बंद असताना राममंदिराकडे जाणारी वाट प्रथमच मोकळी दिसते.

विश्रामबागवाड्याशी घाई करू नका. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १९व्या शतकाच्या पहिल्या दशकातला. पाहुण्यांना समोरच्या पदपथावर उभं करा आणि दोन मिनिटं काही न बोलता सज्जा बघू द्या. लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले, आणि त्यांच्यावर केळफुलाची कमान. शनिवारवाड्यात जे जळून गेलं ते कसं असेल, याचा अंदाज पाहुण्याला इथे येतो. म्हणूनच हा थांबा शनिवारवाड्याच्या आधी हवा, नंतर नको.

लक्ष्मी रस्ता पायी ओलांडून कसब्यात. इथे वाटाड्याने एक प्रामाणिकपणा पाळावा. लाल महालाची आज दिसणारी इमारत महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली आहे, शिवरायांच्या लहानपणची नाही, हे स्पष्ट सांगावं. १६६३ साली शाहिस्तेखानावर छापा पडला तो याच परिसरात, आणि ते सांगायला इमारत जुनी असण्याची गरज नाही. कसबा गणपतीवरून तांबट आळीत शिरा. काम सुरू असेल तर तांब्याच्या भांड्यावर मठार कसा पडतो ते दारातून बघा, आत घुसू नका. हातोडीचा प्रत्येक ठोका पत्र्यावर एक छोटा लखलखता खळगा उठवतो, तोही आधीच्या खळग्याला चिकटून, ओळ न सोडता. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, ती नुसती नक्षी नव्हे.

पाचवा थांबा नागझरीचा नाला ओलांडून सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. काळ्या दगडाचं हे मंदिर १८व्या शतकातलं, आणि दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा कोरलाय. पुण्याच्या देवळात गेंडा! पाहुण्यांना आधी सांगू नका, त्यांना शोधू द्या.

मग शनिवारवाडा, आणि तोही बाहेरूनच. आत जायला तिकीट, रांग आणि किमान एक तास लागतो, ते पाहुण्याने दुपारी स्वतंत्र करावं. बाहेर दिल्ली दरवाज्यासमोर वीस मिनिटं पुरतात. १७३० साली पायाभरणी, १८२८ची आग, दगडी तट राहिला आणि आतलं लाकूड गेलं. दरवाज्यावरचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला का आहेत, ते हात उंचावून दाखवा. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, तो राजकारणासकट सांगा. रात्री ऐकू येणाऱ्या हाकांची भुताटकी मात्र सोडा. एका खऱ्या, अठरा वर्षांच्या मुलाच्या मरणाची करमणूक करणं बरं नाही.

शेवट ओंकारेश्वराशी, मुठेच्या काठी. उतार इथे संपतो. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, खडकवासला टिकलं नाही आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, हे पाहुण्याला नदीकडे तोंड करून सांगा. आपण ज्या वाटेने पेडल न मारता आलो, त्याच वाटेने पुराचं पाणी उलटं वर चढत गेलं. किती वर, ते परत जाताना पायांना कळतं.

परतीला बाजीराव रस्ता. चढ हलकाच आहे, पण सगळे दमलेले असतात, म्हणून पाणी आणि लिंबू सरबत काठावरच द्या, मिसळ मात्र सायकली परत केल्यावर. भरल्या पोटी चढ नको. बस थांब्यावर थांबलेली असेल तर तिच्या डावीकडून कधीही निघू नका, प्रवासी थेट सायकलवर उतरतात. बसच्या मागे थांबा, ती निघाली की निघा.

जून ते सप्टेंबर घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा ओंकारेश्वराशी वरूनच नदी दाखवावी. मोठा पाऊस चालू असेल तर पैसे परत करून फेरी रद्द करावी, साचलेल्या पाण्याखाली उघडं चेंबर दिसत नाही. आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत सायकली घरीच ठेवा. मांडवांनी रस्ते अर्धे होतात. त्या दिवसांत हीच वाट चालत करा, मंडईपासून कसब्यापर्यंत, तेवढी पुरते.