स्पेनमध्ये टापास फुकट? सगळीकडे नाही

‘स्पेनमध्ये पेय मागवलं की टापास (पेयासोबतचे छोटे खाद्यपदार्थ) फुकट, जेवणाचा खर्चच नाही’ असा संदेश फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

ग्रानादा, हाएन, आल्मेरिया आणि लिऑन इथे ही रीत आजही आहे. ‘कान्या’ (छोटा ग्लास बिअर), वाइन किंवा थंड पेय घेतलं की टापाची बशी न मागताच समोर येते. बशीत काय असेल ते बहुधा बारवालाच ठरवतो. कॉफीवर मात्र सहसा काही मिळत नाही. सेव्हिल आणि बार्सिलोनात टापा मेनूतून मागवायचा, पैसे द्यायचे. सान सेबास्तियानला काउंटरवर मांडलेले पिंचो (तिथले टापासारखे छोटे पदार्थ) फुकट समजून पाहुणे हात घालतात. तिथे प्रत्येक नगाचा हिशोब होतो.

बिल फुगतं ते मापामुळे. टापा म्हणजे चार घास, ‘मेदिया रासिओन’ अर्धी प्लेट, ‘रासिओन’ दोघा-तिघांची पूर्ण प्लेट. नुसतं नाव सांगितलं तर मोठी प्लेट येऊ शकते. पावाचे वेगळे पैसे लागू शकतात. नको असेल तर हात लावण्याआधीच परत करा.

शाकाहारींनी ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढ्यावर थांबू नये. ‘कार्ने’ म्हटल्यावर हॅम किंवा ट्यूना डोक्यात येतोच असं नाही, आणि सॅलडवर नेमका ट्यूना असतो. ‘सिन कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो’ म्हणा, म्हणजे मांस, हॅम, मासे काहीच नको. क्रोकेतास दिसायला बटाटेवड्याच्या भावंडासारखे, पण आत बहुधा हॅमच.

पोटभर आणि स्वस्त हवं असेल तर कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या: दोन पदार्थ, बहुतेक ठिकाणी पाव, पेय आणि गोड किंवा कॉफीही. मात्र दीडच्या आधी स्वयंपाकघर सहसा सुरू होत नाही.