‘किक द बकेट’ द्वारदर्शनाला म्हणत नाहीत

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. “मामा, मनं काय चुकनं?” एवढंच बोलला आणि गप्प झाला. पुण्यात नोकरीला लागून त्याला जेमतेम चार महिने झालेत. त्याच्या साहेबांचे वडील वारले. ऑफिसच्या ग्रुपवर जो तो दोन ओळी लिहीत होता, तिथे यानं लिहिलं, ‘सर, सॅड टू हिअर युवर फादर किक्ड द बकेट.’ त्यानंतर ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. सोबतच्या एका मुलीनं वेगळा मेसेज करून सांगितलं, आधी ते डिलीट कर.

हे वाक्य त्यानं कुठून उचललं ते मला विचारावंही लागलं नाही. ‘हे ५० इंग्लिश इडियम्स पाठ करा आणि साहेबासारखं इंग्लिश बोला’ हा मेसेज आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर दिवाळीपासून तीनदा येऊन गेलाय. चाळीसगावच्या मावशीकडे तोच, शहाद्याच्या मित्राकडे तोच. प्रत्येक इडियमचा अर्थ, वापर आणि ‘खरा इतिहास’ म्हणून एक गोष्ट. मी अमळनेर तालुक्यात एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. आजवर असले मेसेज न वाचता पुढे सरकवले, आता नाही.

त्यात लिहिलंय: ‘किक द बकेट म्हणजे निधन होणे. कुणाच्या निधनाची बातमी कळल्यावर वापरा.’ अर्थ बरोबर आहे, सल्ला घातक आहे. मराठीत ‘गचकला’ म्हणजेही मेलाच. म्हणून आपण कुणाच्या द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला भेटायला, जाऊन ‘तुमचे वडील कधी गचकले?’ असं विचारतो का? तिथे ‘वारले’, ‘गेले’, ‘देवाज्ञा झाली’ हेच शब्द तोंडात येतात, कारण कुठला शब्द कुठे चालतो हे आपल्याला घरातच कळलेलं असतं. इंग्रजीतही अगदी तसंच आहे. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसानं १७८५ साली लंडनमध्ये एक शब्दकोश छापला, खास हलक्या, रस्त्यावरच्या इंग्रजीचा. त्यात ‘किक द बकेट’ आहे, अर्थ ‘मरणे’. म्हणजे हा प्रयोग छापील कोशात आला तोच गावठी बोलीच्या कोशात, आणि आजही तो थट्टेत किंवा बेफिकिरीनं बोलतानाच वापरतात. दुखवट्याला ‘पास्ड अवे’ म्हणतात.

मला राग याचाच आहे. ज्याच्या घरात इंग्रजी बोललं जातं, तो असला मेसेज वाचून सोडून देतो. जो पोरगा घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी फक्त पुस्तकात वाचून पुण्याला गेला, तो त्यावर विश्वास ठेवतो. फटका त्यालाच बसतो.

दुसरा दावा ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’चा, म्हणजे मुसळधार पावसाचा. म्हणे पंधराशेच्या काळात इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असायची, कुत्री-मांजरं त्यावर झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. ही गोष्ट १९९९ च्या सुमारास एका इंग्रजी ईमेलमधून जगभर फिरली, आता तिचं मराठी झालंय. माझं आजोळ धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घराचं. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून ती चोपायची, हे काम आम्ही पोरांनीही केलंय. पावसाचे चार थेंब पडले की गल्लीतलं कुत्रं ओट्यावर येऊन अंग चोरून बसायचं आणि मांजर थेट चुलीजवळ. वर झोपायला कोण जाणार? भर पावसात तर नाहीच नाही. कुत्र्या-मांजरांच्या पावसाचे उल्लेख इंग्रजीत सतराव्या शतकाच्या मध्यापासून सापडतात. ‘कॅट्स अँड डॉग्स’ हे रूप १७३८ साली जोनाथन स्विफ्ट या लेखकानं वापरलं, आणि तेही कुठे? तयार वाक्प्रचारांच्याच कुबड्या घेऊन बोलणाऱ्या बड्या घरच्या लोकांची खिल्ली उडवताना. म्हणजे जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच हा प्रयोग घासून गुळगुळीत झाला होता. ‘इट्स पोअरिंग’ म्हणा, काम होतं.

मेसेज म्हणतो, ‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांच्या आद्याक्षरांतून बनला. तसं नाही, तो ‘न्यू’वरून आलेला शब्द आहे. ‘ब्रेक अ लेग’ असं शुभेच्छा म्हणून रंगमंचावर जाणाऱ्या नटाला म्हणतात, मेसेजमध्ये सांगितलंय तसं प्रवासाला निघालेल्या माणसाला नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. इडियम कळायला हवेत. मीटिंगमध्ये कुणी ‘लेट्स कॉल इट अ डे’ म्हणालं आणि त्याचा अर्थ ‘आजचं काम इथेच थांबवू’ हे कळलं नाही, तर पोरगा नुसता बसून राहील. आणि सगळेच इतिहास खोटे नसतात. ‘रेड टेप’चा त्यांनी दिलेला बरोबर आहे. सरकारी कागद खरंच लाल फितीनं बांधत, आपली ‘लालफीत’ तिथूनच आली. पण ऐकून कळणं वेगळं आणि स्वतः बोलणं वेगळं. मी वर्गात सांगतो, जो इडियम तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून, तीन वेगळ्या प्रसंगी ऐकला नाही, तो बोलायचा नाही. वहीत लिहून ठेवायचा, सोबत कोण कुणाला म्हणालं तेही लिहायचं.

भाच्यानं दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. फोनवर दोघांनी मिळून तयार केलेलं वाक्य एवढंच होतं: ‘आय अ‍ॅम व्हेरी सॉरी, सर. आय डिड नॉट नो व्हॉट इट मेंट.’ साहेबांनी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि वडिलांबद्दल थोडं बोलले. तो मेसेज काल पुन्हा आला. या वेळी मी त्याखाली हे सगळं लिहिलंय.