पुनरुक्ती गाळून इश्तार पाताळात उतरत नाही

‘इश्तारचं पाताळगमन’ हे इश्तार देवीवरचं, प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादियन भाषेतलं काव्य इंग्रजी पद्यात आणायची एक सोपी कृती सध्या फिरते आहे: मूळ भाषा यायला नको; जुनं गद्य भाषांतर घ्या, पुनरुक्ती गाळा, अडेल तिथे याच कथेच्या जुन्या सुमेरियन काव्यावरून, ‘इनान्ना’वरून, भर घाला, यमक जुळवा. चारही सूचना चुकीच्या आहेत, पण खरा घात करते ती पुनरुक्तीची.

इश्तार सात दारांतून खाली जाते. दर दारी तीन ओळी: द्वारपाल एक वस्तू उतरवतो, इश्तार ‘का घेतलीस?’ विचारते, तो म्हणतो, ‘आत या, बाईसाहेब, पाताळाच्या स्वामिनीची रीतच ही.’ मुकुट, कर्णभूषणं, गळ्यातले मणी, छातीवरच्या टाचण्या, खड्यांचा कंबरपट्टा, हातापायांतली कडी, शेवटी अंगावरचं वस्त्र. परतताना संवाद नाही. दर दारी एकच ओळ आणि वस्तू उलट्या क्रमाने परत. उतरायला २१ ओळी, चढायला ७. ‘सातही दारांवर असंच झालं’ असं लिहिलं की ही गती मेली. अभंगाचं ध्रुवपद पुन्हा येतं म्हणून कोणी खोडत नाही. म्हणून आधी पुन्हा येणाऱ्या ओळींचा तक्ता करावा, प्रत्येकीची इंग्रजी ओळ पक्की करावी आणि ती सातही ठिकाणी जशीच्या तशी ठेवावी. पाचव्या दारी कंटाळून वेगळा शब्द घातला, तर द्वारपालाच्या उत्तरातला अढळ नियम ढिला पडतो.

‘इनान्ना’ची भर? ते काव्य सुमारे ४०० ओळींचं, हे दीडशेच्या आतलं. तिकडे देवीच्या सुटकेसाठी एन्की देव नखांतल्या मळापासून दोन जीव घडवतो, इकडे एआ देव एकच जीव, असुशुनामिर, निर्माण करतो. तिकडे देवीचं प्रेत खुंटीला टांगतात, इकडे तिच्यावर ६० रोग सोडले जातात. इश्तार खाली अडकताच बैल गाईवर चढत नाही, हे फक्त अक्कादियनमध्ये. दोन्ही कालवून होणारं काव्य कोणत्याच प्राचीन श्रोत्याने ऐकलेलं नाही.

यमक मुळात नाहीच. अक्कादियन ओळ बहुधा अर्थासह संपते आणि ओळीचा दुसरा अर्धा भाग किंवा जोडीची ओळ तोच विचार पुढे नेते: ‘धूळ त्यांचं अन्न, माती त्यांची भाकरी.’ इंग्रजीत ‘ब्रेड’ला ‘डेड’ आयतं सापडतं. नेमका तोच मोह टाळावा, कारण यमकासाठी शब्दक्रम फिरवला की जोडीचा तोल जातो. ओळीत आघात ठरावीक ठेवावेत, मध्ये विराम द्यावा आणि वाक्य पुढच्या ओळीत सांडू देऊ नये.

गद्य भाषांतर आधाराला ठीक, पण ओळ कुठे तुटते हे त्यातून कळेलच असं नाही. निनवे आणि असुर या प्राचीन शहरांत सापडलेल्या पाठांत फरक आहेत. त्यातली कोणती ओळ घेतली, हे लिप्यंतर समोर ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही. शेवटी इश्तारचा तरुणपणीचा प्रियकर तम्मूझ याला न्हाऊ घालून, तेल लावून, लाल वस्त्र नेसवायला सांगितलं जातं, आणि हे का, ते काव्य सांगत नाही. तिथे खुलाशाची ओळ घुसडू नये. एक मोकळी ओळ सोडावी, खुलासा तळटीपेत द्यावा.