‘तयार टॅक्टिक उतरवा आणि जिंका’ हा सल्ला कुठे चुकतो

फुटबॉल मॅनेजर या संगणक-गेममध्ये आपण क्लबचे मॅनेजर होऊन संघ आणि डावपेच (टॅक्टिक) ठरवतो. तो खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साधारण असा: स्वतःचे डावपेच रचत बसू नका, वेळ वाया जातो. ४-२-३-१ ही मांडणी लावा, गेगेनप्रेस (चेंडू गेला की लगेच वरच दाब टाकून तो परत मिळवणं) निवडा, मेंटॅलिटी (संघाची जोखीम घेण्याची वृत्ती) अटॅकिंग ठेवा, टेम्पो आणि डिफेन्सिव्ह लाइन (बचावफळी किती वर उभी राहते) चढवा. नाहीतर कुणीतरी तपासून ठेवलेली टॅक्टिक इंटरनेटवरून उतरवून (डाउनलोड करून) घ्या. मॅच इंजिनला (गेममध्ये सामना घडवणाऱ्या यंत्रणेला) दुसरं काही कळत नाही. खेळाडू घेताना वेग तेवढा बघा, रोल (खेळाडूला दिलेली भूमिका) ही नुसती नावं आहेत. आणि हरायला लागलात तर समजा की गेमने तुमची टॅक्टिक ओळखली, दुसरी उतरवा.

नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात हे ऐकतो आणि गेममधला सगळ्यात सुंदर भाग न खेळताच पुढे जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून यातलं एकेक विधान तपासून बघू.

‘इंजिनला फक्त गेगेनप्रेस कळतं.’ यात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य करायला हवा. अलीकडच्या बहुतेक आवृत्त्यांत वरून दाब टाकणारा, वेगवान खेळ चांगला चालतो, आणि तगडा संघ हाताशी असेल तर इतर शैलींपेक्षा लवकर फळ देतो. पण चांगला चालतो म्हणजे फुकट चालतो असं नाही. प्रेसिंगची किंमत खेळाडू अंगाने मोजतात. स्टॅमिना, वर्क रेट आणि नॅचरल फिटनेस कमी असलेला संघ उत्तरार्धात ढेपाळतो, खेळाडूचा ताजेपणा दाखवणारी कंडिशनची हृदयं पिवळी-केशरी होऊ लागतात, आठवड्यात दोन सामने आले की दुखापतींची रांग लागते. शिवाय लाइन वर नेली की बचावफळीच्या मागे मोकळी जागा उरते. तुमचे दोन्ही सेंटर-बॅक (मधले बचावपटू) धिमे असतील तर ती जागा तुम्ही स्वतः प्रतिस्पर्ध्याला दिलेली असते.

लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकली ती याच हिशेबावर. मॅनेजर क्लाउदिओ रानिएरींच्या हाताशी वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हुथ हे सेंटर-बॅक होते: हवेत आणि पेनल्टी क्षेत्रात भक्कम, पण धावण्याच्या शर्यतीत कुणालाही हरवणारे नव्हेत. म्हणून संघ मागे, दाटीने उभा राहिला. मधे एन्गोलो कांते चेंडू हिसकावत होता आणि पुढे जेमी वार्डीला धावायला अख्खं अर्धं मैदान मोकळं होतं. चेंडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याकडेच असायचा, तरी ८१ गुण झाले, वार्डीचे लीगमध्ये २४ गोल झाले. गेममध्ये असाच संघ हाताशी आला, की लाइन खाली, लाइन ऑफ एंगेजमेंट (जिथून दाब टाकायला सुरुवात करायची ती रेषा) मध्यम, चेंडू मिळताच काउंटर म्हणजे प्रतिहल्ला आणि पास थेट मोकळ्या जागेत, एवढ्या सूचनांवर तो उभा राहतो. इंजिनला हे नीट कळतं. सुटे तुकडे एकमेकांशी जुळलेले असावेत एवढीच त्याची अट आहे.

‘तपासलेली टॅक्टिक म्हणजे सिद्ध टॅक्टिक.’ ही चाचणी कशी होते ते आधी बघा. ठरावीक संघ घेतात, दुखापती वा थकवा यांसारखे घटक शक्य तेवढे बाजूला ठेवतात, तोच हंगाम पुन्हा पुन्हा चालवतात आणि गुणांची सरासरी काढतात. काम मेहनतीचं आहे आणि त्यातून एक उत्तर मिळतंच: त्या संघाने, त्या परिस्थितीत, ही टॅक्टिक सरासरीने किती गुण मिळवते. तुमचा लेफ्ट-बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) क्रॉस मारू शकत नाही, तुमचा एकमेव चांगला मिडफिल्डर चौतीस वर्षांचा आहे, हे त्या सरासरीत कुठेच नाही.

प्रत्यक्ष फुटबॉलमध्येही टॅक्टिक एकटी प्रवास करत नाही. याचं आपल्याकडचं उदाहरण प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा. एफसी गोवाला त्यांनी चेंडू ताब्यात ठेवून आक्रमण करणारा संघ बनवलं, आणि मंदार राव देसाईसारख्या विंगरला लेफ्ट-बॅक केलं, कारण त्या पद्धतीत बॅकला वर जाऊन खेळावं लागतं. २०२० मध्ये ते मुंबई सिटीत आले तेव्हा सोबत कोण आलं? बचावात मुर्तदा फॉल, मधून खेळ चालवणारा अहमद जाहूह, पुढे ह्यूगो बुमूस आणि डाव्या बाजूला हाच मंदार. पहिल्याच हंगामात मुंबईने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याचा मान, आणि आयएसएल करंडक दोन्ही जिंकले. कागदावरची आखणी कुणीही उतरवून घेऊ शकलं असतं. ती चालवणारी माणसं लोबेरांनी बरोबर नेली.

गेममध्ये आयएसएलचा संघ घेणाऱ्यांना हे फार लवकर कळतं. मैदानावर परदेशी खेळाडू चारच, आणि ते सहसा मधल्या कण्यात लागतात: एक सेंटर-बॅक, एकदोन मिडफिल्डर, एक स्ट्रायकर. म्हणजे दोन्ही कडा भारतीय खेळाडूंच्या, आणि त्यांच्याकडे काय आहे हे पाहूनच विंग-बॅकला (कडेच्या बचावपटूला) वर पाठवायचं की घरी ठेवायचं ते ठरतं. युरोपातल्या श्रीमंत क्लबवर तपासलेली टॅक्टिक इथे दोन्ही बॅकना नव्वद मिनिटं पळवते आणि साठाव्या मिनिटानंतर दोन्ही बाजू उघड्या पडतात.

‘वेग बघा, रोल ही नुसती नावं.’ अॅक्सेलरेशन आणि पेस यांचं वजन या गेममध्ये खरोखर मोठं आहे. पण डिसिजन्स, अँटिसिपेशन आणि पोझिशनिंग कमी असलेला वेगवान बचावपटू चुकीच्या जागी वेगाने पोहोचतो. रोलबद्दलचं म्हणणं तर साफ चुकीचं आहे. प्रत्येक रोलमध्ये हालचालींच्या सूचना बांधलेल्या असतात. इन्व्हर्टेड विंग-बॅक चेंडू आपल्याकडे असताना मध्यभागी सरकतो. तिथेच तुमचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर उभा असेल तर दोघांची गर्दी होते आणि कडेला कुणीच उरत नाही. त्याच बाजूचा विंगरही आत येणारा असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या फुल-बॅकला दुपारभर काम नाही.

सुरुवात करणाऱ्याने दोनच प्रश्न विचारावेत. आपण आक्रमण करतो तेव्हा रुंदी कोण देतो? आणि चेंडू गेला त्या क्षणी मागे कोण उभं आहे? साधारण पाच जण वर, पाच मागे हा जुना हिशेब अजूनही बऱ्यापैकी लागू पडतो. दोन्ही बॅक वर, दोन्ही विंगर वर आणि एक मिडफिल्डरही पेनल्टी क्षेत्रात, असं लावलं की प्रत्येक गमावलेला पास प्रतिहल्ला बनतो. २०२६ च्या आवृत्तीत चेंडू असतानाची आणि नसतानाची मांडणी वेगवेगळी लावता येते, रोलही वेगळे देता येतात, त्यामुळे हे दोन प्रश्न आता पडद्यावरच स्वतंत्र दिसतात.

मेंटॅलिटीचाही इथेच घोळ होतो. ती वाढवली की टेम्पो, रुंदी, प्रेसिंग, लाइन हे सगळं आपोआप वर सरकतं. त्यावर पुन्हा प्रत्येक सूचना टोकाला नेली, तर मध्यम कुवतीच्या संघाला झेपणार नाही एवढ्या घाईचे पास सुरू होतात.

‘गेमने टॅक्टिक ओळखली.’ सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. पहिल्या हंगामात बारावा येईल असं वाटणारा संघ चौथा येतो. दुसऱ्या हंगामात तेच अकरा, तीच टॅक्टिक, आणि घरच्या मैदानावर ०-० वर ०-० होऊ लागतात. गेम खेळणाऱ्याला वाटतं, संगणकाने उत्तर शोधलं. प्रत्यक्षात बदललेली असते तुमची पत. समोरचा मॅनेजर तुम्हाला आता बलाढ्य मानतो, म्हणून संघ मागे ओढून, जागा बंद करून खेळतो. काल तो तुमच्यावर चालून येत होता, त्यामुळे त्याच्यामागे जागा सापडायची आणि मोकळ्या जागेत दिलेला पास कामी यायचा. आज ती जागाच शिल्लक नाही.

अशा वेळी दुसरी टॅक्टिक उतरवली की आणखी एक तोटा होतो. संघाची टॅक्टिकशी झालेली ओळख, पडद्यावर दिसणारा तो हिरवा पट्टा, नव्या मांडणीत खाली येतो आणि पुढचे काही आठवडे खेळाडू एकमेकांना शोधत फिरतात. त्याऐवजी सामना बघा. निव्वळ गोलांचे तुकडे पाहून भागत नाही, विस्तारित हायलाइट्स लावा. शॉट पंचवीस पण बहुतेक लांबून, आणि अपेक्षित गोल (संधींच्या दर्जावरून काढलेला गोलांचा अंदाज) एकाच्या आतबाहेर, असं दिसलं तर गाठ सुटलीच म्हणायची: संधी दर्जाहीन आहेत. मग टेम्पो एक पायरी खाली आणा. मोकळ्या जागेत पास देण्याची सूचना काढा. एका बाजूचा बॅक कडेला ठेवून रुंदी द्या, आणि मागे राहणाऱ्या मिडफिल्डरपैकी एकाला असा रोल द्या की तो उशिरा क्षेत्रात शिरेल. यातलं एका वेळी एकच बदला आणि दोनतीन सामने जाऊ द्या, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. सेट पीसही (कॉर्नर, फ्री किक) विसरू नका. बंद बचाव पुष्कळदा कॉर्नरवरच उघडतो.

उरला ‘वेळ वाया जातो’ हा मुद्दा. हंगामपूर्व मैत्रीपूर्ण सामने याचसाठी असतात. गेममध्ये टॅक्टिक ठेवायला असलेल्या तीन जागांपैकी दोन पुरतात: एक नेहमीची, आणि दुसरी तेच रोल ठेवून लाइन व मेंटॅलिटी खाली आणलेली, बाहेरच्या कठीण सामन्यांत आघाडी राखण्यासाठी. दोन्हींची मांडणी एकच असल्याने सरावाचा भार वाढत नाही, आणि सत्तराव्या मिनिटाला एका क्लिकवर बदलता येते.