'हिमराणी'चा खरा कळस राजवाड्यात नाही

लेव्ह अतामानोव्ह यांनी १९५७ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्म स्टुडिओसाठी दिग्दर्शित केलेल्या 'स्नेझ्नाया कोरोलेवा' या ॲनिमेशनपटाविषयी, म्हणजेच हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या 'हिमराणी'विषयी, बोलताना बहुतेक जण राणीच्या बर्फाळ सौंदर्याचे वर्णन करतात. ते वर्णन खोटे नाही. त्या काळी सोव्हिएत स्टुडिओत जिवंत नटांचे चित्रीकरण करून त्यावरून रेखाटने करण्याची पद्धत रूढ होती आणि राणीच्या संथ, मोजक्या हालचालींत तिचा ठसा स्पष्ट दिसतो; त्यात मारिया बाबानोवा यांचा आवाज मिसळला की तिचा दरारा पूर्ण होतो. तरीही माझ्या मते या चित्रपटाचा प्राण तिच्यात नाही, तो दरोडेखोरांच्या मुलीच्या प्रसंगात आहे.

अँडरसनच्या कथेत सैतानाने घडवलेला आरसा फुटतो आणि त्याचे कण जगभर विखुरतात. गेर्डा या मुलीचा बालमित्र काइ याच्या डोळ्यात व हृदयात ते शिरतात, तो केवळ दुर्दैवाचा भाग असतो. अतामानोव्ह यांनी सैतान काढून टाकला. येथे आजी राणीची गोष्ट सांगत असताना काइ बढाई मारतो की ती आली तर तिला तापलेल्या शेगडीवर बसवू, म्हणजे ती वितळून जाईल. दूर आपल्या आरशात हे पाहणारी राणी संतापून तो आरसाच फोडते. त्याचे कण शिरून काइचे हृदय गोठते, राणी त्याला आपल्या राजवाड्यात घेऊन जाते आणि गेर्डा त्याच्या शोधात निघते. एका पोराच्या थट्टेला एवढी शिक्षा! मूळ कथेतील प्रार्थना आणि देवदूतही येथे नाहीत. काहींना त्यामुळे कथा उणी झाली असे वाटेल, मला मात्र गेर्डा अधिक एकाकी आणि म्हणून अधिक मोठी झाली असे वाटते, कारण तिच्या मदतीला आता फक्त वाटेत भेटणारी माणसे आणि प्राणी उरतात.

त्यांतली सर्वांत अवघड व्यक्ती म्हणजे दरोडेखोरांच्या म्होरक्या बाईची मुलगी. ती हट्टी आहे, हातात सुरी बाळगते, आणि जे आवडेल ते बांधून ठेवणे हीच तिची प्रेमाची रीत आहे. रेनडिअर बांधलेला, इतर पशुपक्षी कोंडलेले, आणि आता गेर्डाही तिचीच. पण काइला शोधायला गेर्डा कुठून कुठे आली हे ऐकल्यावर या मुलीच्या मनात काहीतरी हलते. ती गेर्डाला रेनडिअरवर बसवून उत्तरेकडे पाठवते, उरलेल्या प्राण्यांनाही मोकळे करते आणि रडू लागते. ही फेड कशाची नाही, तिला यातून काही मिळतही नाही. राणीच्या राजवाड्यात काइच्या हृदयातला बर्फ वितळतो ते आपल्याला अपेक्षित असते. येथे मात्र जिच्या डोळ्यात आरशाचा एकही कण गेलेला नाही, जी जशी आहे तशीच वाढली आहे, ती मुलगी आपल्यादेखत बदलते. असा प्रसंग मुलांच्या चित्रपटात मी क्वचितच पाहिला आहे.

गेर्डाला आवाज यानिना झेइमो यांनी दिला, म्हणजे १९४७ च्या रशियन 'सिंड्रेला'तील नायिकेने. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या अभिनेत्रीचा हा आवाज लहान मुलीचा वाटतो, आणि त्यात कुठेही लाडिकपणा नाही.

पुढे ॲनिमेशनपटांचे दिग्दर्शक म्हणून नावाजलेले हायाओ मियाझाकी तरुणपणी जपानमधील तोएई या ॲनिमेशन स्टुडिओत उमेदवारी करत होते; ते आपल्या पेशाविषयी साशंक असताना हा चित्रपट पाहून त्यातच टिकून राहिले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांच्या चित्रपटांतील धीट, अनवाणी धावणाऱ्या मुली पाहिल्या की गेर्डाची आठवण होणे साहजिक आहे.

शेवटही अतामानोव्ह यांनी बदलला. अँडरसनची राणी त्या वेळी प्रवासाला गेलेली असते. येथे ती परत येते आणि गेर्डा तिच्यासमोर उभी राहते. लढाई होत नाही, शस्त्र उगारले जात नाही. गेर्डा तिला निघून जायला सांगते आणि राणी नाहीशी होते. हे फार सोपे झाले, असा आक्षेप मी ऐकला आहे. पण ज्या मुलीने दरोडेखोरांच्या गोटात सुरीसमोर डोळे खाली केले नाहीत, तिने येथे आणखी काय सिद्ध करायचे होते?

ज्यांना हा चित्रपट पाहायचा आहे त्यांनी मूळ रशियन आवाजात, उपशीर्षकांसह पाहावा. अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत सुरुवातीला तिथले दूरचित्रवाणी सूत्रसंचालक आर्ट लिंकलेटर यांचा वेगळा भाग जोडला आहे आणि संवादही नव्या नटांकडून इंग्रजीत बोलवून घेतले आहेत. तिच्यात झेइमो यांचा आवाज ऐकूच येत नाही.